सानगडीला वळसा

भंडाऱ्यातल्या सायकलवाल्यांनी रविवारी कुठे जायचं, हे सेवकराम ठरवायचा. मूळचा आंधळगावचा कोष्टी, घरात पिढ्यान्‌पिढ्या माग. पण हा गडी मागावर बसून राहणारा नव्हता. पोरवयात बापाच्या सायकलमागे लुगड्यांच्या गाठोड्यासोबत बसून बाजार पालथे घातले, पुढे भंडाऱ्यात कापडाचं दुकान टाकलं, आणि पन्नाशी उलटल्यावर एकाएकी गियरची सायकल घेऊन आला. त्याची बायको राधाबाई सायकलीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "गियर तं आनले, आता ब्रेक हायेत का तेवढं पाहून घ्या." दुसऱ्या रविवारी तो चाळीस किलोमीटर जाऊन आला आणि तिनं बोलणं सोडून दिलं.

मार्ग आखण्याची त्याची एक तऱ्हा होती. लोक नकाशा पाहतात, हा सोयरे पाहायचा. पवनीकडे मामसासरे, म्हणून गोसीखुर्दच्या पाण्याकाठानं एक फेरी. लाखनीच्या अलीकडे साडू, म्हणून तिकडे दुसरी. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा लोकांना कचेऱ्यांची काळजी पडली होती, याला पडली ती निम्मे सोयरे पलीकडे गेल्याची. पुढे सायकल आल्यावर मात्र तोच ऐटीत सांगायचा, "आपन दोन जिल्हे फिरतो, बाप्पा!" आणि रस्तेही असे की फिरणाऱ्यानं फिरतच राहावं. घाट नाहीत, पण सपाटीही नाही. चढाला जरा धाप लागते न लागते तोच समोर तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, दिसते, आणि उतारावर दोन्हीकडच्या धानाचा वास नाकात भरतो. चढावर सगळे मुके, उतारावर सगळे गवई.

या सुखात खडा टाकला तो तेजस्विनीनं. दोन वर्षांपूर्वी या टोळीत आलेली ती शाळेत भूगोल शिकवायची आणि प्रत्येक फेरीची रेघ मोबाइलवर जपून ठेवायची. एका रविवारी चहाच्या टपरीवर तिनं सगळ्या रेघा एकावर एक मांडून सेवकरामसमोर धरल्या. साकोलीच्या खाली गेलेली प्रत्येक रेघ सरळ येत होती आणि एका गावापाशी पोचली की अंग चोरून बाजूला जात होती.

"काका, सानगडीपाशी आपण दरवेळी काहून वळतो?"

"रस्ता खराब हाये."

"मी परवाच जाऊन आली. चांगला हाये."

"मग कुत्रे हायेत."

"कुत्रे तं सगळीकडे असतात, काका."

सेवकरामनं चहाचे पैसे काढून टपरीवाल्याच्या हातावर ठेवले. घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. सानगडीत त्याची थोरली बहीण राहायची. वच्छला. जगातल्या यच्चयावत सोयऱ्यांची दारं ठोठावणारा हा माणूस सख्ख्या बहिणीच्या गावाला तीन वर्षं वळसा घालत होता.

कारण मंडईचं. भाऊबीज झाली की झाडीपट्टीतल्या गावांमध्ये पाळीपाळीनं मंडई भरते. दिवसा दुकानं आणि दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुण्यांच्या पंगती. तिथला एक नियम कुठं लिहिलेला नाही, पण शेंबडं पोरही तो जाणतं: गावात आपलं सख्खं घर असताना पाहुण्यानं दुसऱ्याच्या घरी जेवून हात धुवायचे नाहीत. तीन वर्षांपूर्वी सेवकराम मंडईच्या दिवशी सायकलवाल्यांची वरात घेऊन सानगडीत शिरला आणि तलावाच्या पारीवरच त्याला जुना मित्र धनीराम भेटला. धनीराम म्हणजे आग्रहाचं दुसरं नाव. सायकलवाले भुकेनं कासावीस, घर समोरच, रस्सा उकळतोय. "एक एक वडा खाऊन निघू," म्हणत सगळे बसले आणि हात धुऊन उठले ते ढेकर देतच. मग ही मंडळी वच्छलाकडे गेली. तिनं साऱ्यांचा स्वयंपाक करून ठेवला होता. आणि आमचे हे शहाणे ओसरीवर टेकत म्हणाले, "बाई, जेवन नोको आता. चहा चालन."

वच्छलानं चहा दिला. कपबशा उचलून आत गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं होतं की कोष्टिणीचा भाऊ धनीरामकडे जेवला, बहिणीच्या हातचं त्याला रुचत नाही म्हणे. रात्री नाटकालाही ती गेली नाही. त्यानंतरच्या भाऊबीजेला सेवकरामनं पोराच्या हाती लुगडं पाठवलं. तिनं ते ठेवून घेतलं, पोराला ओवाळलं, पण भावासाठी निरोप काही दिला नाही. सेवकराम समजला ते समजला: आता त्या दारात आपल्याला थारा नाही. दुकानात गिऱ्हाईक नसलं की हे आठवून त्याला खरोखरच रडू यायचं. मग तो कापडाचे तागे उगाच उलगडायचा आणि पुन्हा गुंडाळायचा.

यंदा मात्र तेजस्विनी हट्टाला पेटली होती. तिला सानगडीची मंडई पाहायची होती. भूपेंद्र बँकेत होता, चढावर कायम मागं आणि पंगतीत कायम पुढं. त्यानं जेवणाच्या आशेनं तिला पाठिंबा दिला. सेवकराम "पाहू" म्हणाला. तो नाही म्हणाला नाही, हे त्याचं त्यालाच घरी पोचल्यावर कळलं. आता जायचंच तर गेल्या वेळची चूक मुळातून खोडायची, असं त्यानं मनाशी घेतलं. बहिणीच्या दारात पोट पार रिकामं घेऊन उभं राहायचं. अन्नाचा कण नाही, चहाचा घोट नाही. आतापर्यंत सायकलवर डोकं कमी चालवणारे पुष्कळ झाले असतील, पण पन्नास किलोमीटरवरच्या जेवणासाठी उपाशी निघणारा हा पहिलाच.

पहाटे निघाले. लाखनीला बाकीच्यांनी पोहे-चना हाणला, हा टपरीकडे पाठ करून सायकलच्या साखळीला तेल घालत बसला. साकोलीला भूपेंद्रनं केळं पुढं केलं.

"भाऊ, खाऊन घ्या. तोंड पांढरं पडून राहिलं तुमचं."

"उपास हाये."

"आज कोनता उपास?"

"माह्या घरचा हाये. तुले नाही समजाचा."

सानगडीच्या अलीकडे शेवटचा चढ लागला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. कापलेल्या धानाचे ढीग त्याला एकाचे दोन दिसायला लागले. सायकल इकडून तिकडे झोके खात होती आणि तेजस्विनी शेजारून घाबरून हाका मारत होती. तो उतरला नाही. पोटात कावळे ओरडून ओरडून गप्प झाले होते.

आणि पारीवर कोण उभा? धनीराम. हात पसरून, रस्ता अडवून.

"अरे सेवक! तीन वर्सांनी! चाल, रस्सा झाला हाये."

"नाही."

"पानी तं घे. हातपाय कापून राहिले न तुह्ये. गूळ टाकून देतो."

"धनीराम, आज तू मले गंगेचं पानी देशीन तरी मी पेनार नाही. बाजूले हो."

धनीराम आपसूक बाजूला झाला. सेवकराम सायकल ढकलत गल्लीत शिरला, बहिणीच्या दारापर्यंत पोचला आणि सायकल भिंतीला टेकवायला गेला तर सायकलीसकट खाली बसला. आवाज ऐकून वच्छला बाहेर आली. साठीची बाई, पदर खोचलेला, हात पिठानं भरलेले. तिनं भावाकडे पाहिलं, मागच्या सहा-सात सायकलवाल्यांकडे पाहिलं.

"काय झालं याले?"

"सकाळपासून काहीच खाल्लं नाही त्यांनी," तेजस्विनी म्हणाली. "कोणी दिलं तरी घेत नव्हते."

"काहून रे?"

"तुह्याकडं मंडईले यायचं होतं," सेवकराम म्हणाला.

वच्छला आत गेली. सेवकरामला वाटलं, संपलं. पण ती ताट घेऊनच बाहेर आली: चिन्नोर तांदळाचा भात, कोंबडीचा रस्सा, लाखोरीच्या डाळीचे वडे. भूपेंद्रच्या खांद्याचा आधार घेत सेवकराम घरात जायला निघाला, तशी तिनं त्याला अडवलं. "आत नाही. इथंच ओसरीवर बस. गल्लीकडं तोंड करून." आणि तो खायला लागल्यावर ती खांबाला टेकून उभी राहिली, येणाजाणाऱ्याला ठणकावून सांगत, "माहा भाऊ हाये हा. भंडाऱ्याहून आला. जेवते." लोक पाहत होते. ती दोन-दोनदा सांगत होती. सायकलवाल्यांनाही ताटं मिळाली, भूपेंद्रनं पोहे खाल्ल्याचं कुणाला जाणवू दिलं नाही.

चार घास पोटात गेल्यावर सेवकरामच्या तोंडाला वाचा फुटली. "बाई, मले वाटलं, तू मले दारात उभं नाही करनार."

वच्छलानं त्याच्या ताटात रस्सा ओतला. तिचा आवाज एकदम खाली आला. "मी रुसली होती रे. रुसलेल्या बहिणीच्या दारी येतात, का सायकल घेऊन बाहेरूनच पळतात? दोन मंडया तशाच गेल्या. साकोलीकडून कोनी आलं का सांगे, तुहा भाऊ दिसला, तिकडून गेला. मी तुह्या वाटेकडं डोळे लावून बसली, अन् तू रस्ते बदलून राहिला."

सेवकरामच्या हातातला घास हातातच राहिला. तीन वर्षं ज्या गावाला तो भिऊन वळसे घालत होता, तिथं त्याची वाट पाहत कुणी बसलं असेल, हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते रश्शाच्या तिखटावर ढकललं.

"पुढच्या मंडईले नक्की येतो, बाई."

"मंडईले कायले? येत्या रविवारी ये. अन् एकटा ये. एवढ्या टोप्या-चष्म्यांत माहा भाऊ कोनता, तेच समजत नाही मले."

सेवकरामनं डाव्या हातानं हेल्मेटचा पट्टा चाचपला. अजून डोक्यावरच होतं. त्यानं ते काढून बाजूला ठेवलं, आणि वच्छला पिठाच्या हातानंच त्याचे घामानं चिकटलेले केस मागं सारत राहिली.