वाळ्यांसकट वजन

आमच्या वर्गातल्या ताईंनी ज्याला वजनकाट्यावर चढण्याआधी चपला काढायला लावल्या नाहीत, असा माणूस नगर जिल्ह्यात शोधूनही सापडायचा नाही. कर्जत तालुक्यातल्या एका गावात त्यांनी अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी चालवली, मधल्या काळात मुक्त विद्यापीठातून बी. ए. केलं आणि पन्नाशी उलटल्यावर नोकरी सोडून त्या आमच्या समाजकार्याच्या वर्गात पहिल्या बाकावर येऊन बसल्या. आम्ही सगळी बाविशीतली. इथे कशाला आलो, हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. ताईंना पक्कं ठाऊक होतं. ‘मानवी वाढ आणि व्यक्तिमत्त्व विकास’ शिकवणाऱ्याला मला एक गोष्ट विचारायची आहे, असं त्यांनी प्रवेशाच्या मुलाखतीतच सांगून टाकलं होतं. कोणती, ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

माणूस दारातून आत आला की त्या आधी त्याला डोळ्यांनी तोलायच्या. हॉस्टेलवर मी त्यांच्याच खोलीत होते. पहिल्या दिवशी नाव विचारायच्या आधी त्यांनी माझं वजन सांगितलं, आणि ते बरोबर निघालं. कॉलेजच्या आरोग्य शिबिरात काटा त्यांच्या ताब्यात दिला, तर त्यांनी प्राचार्यांना बूट, मोबाईल, किल्ल्या, चष्मा आणि शेवटी पट्टासुद्धा काढायला लावला. प्राचार्य एका हाताने पँट धरून काट्यावर उभे राहिले आणि ताई शांतपणे म्हणाल्या, “चष्म्याचं वजन चष्म्याचं, सायेबांचं सायेबांचं.” आम्ही हसून बेजार झालो. ताई हसल्या नाहीत. या एका बाबतीत त्यांना कधीच हसू यायचं नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

वर्गात त्या हा विषय शिकवणाऱ्या सरांना सुखाने पुढे जाऊ द्यायच्या नाहीत. सर किशोरावस्थेवर आले की, दहावीतून थेट सासरी गेलेली पोरगी कुठल्या अवस्थेत धरायची, असा त्यांचा हात वर. पहिल्या सत्राच्या पेपरात वाढीच्या अवस्था लिहायला आल्या, तर त्यांनी प्रत्येक अवस्थेखाली गावातल्या मुलांची नावं घालून पुरवण्यांवर पुरवण्या भरल्या. कोण कधी बसलं, कोण कधी चाललं, सगळं तोंडपाठ. ज्या विषयात आम्ही घोकंपट्टी करून पास झालो, त्यात त्या नापास झाल्या. मला त्याची आजही लाज वाटते.

एकदा सुप्याजवळच्या वस्तीवर गृहभेट करून आम्ही परत निघालो होतो. एसटीची वाट बघत उन्हात बसलेलो असताना ताई आपण होऊन बोलायला लागल्या. त्यांच्या अंगणवाडीत सात महिन्यांचं एक पोर होतं, आजारी. त्याच्या पायात आजीने घातलेले चांदीचे वाळे होते. आजी नुकतीच वारलेली, म्हणून आई ते काढू देईना. ताईंनी तसंच त्याला काट्याच्या झोळीत घातलं.

“वाढीच्या तक्त्यावर पोर लाल पट्ट्यात, म्हंजी लई कमी वजनात गेलं की मीटिंगीत बोलणी खावी लागत्यात. वाळ्यांमुळं ते पिवळ्यात बसलं. मलाबी तेच पाहिजे हुतं,” त्या म्हणाल्या. “लाल आसतं तर त्याच दिवशी दवाखान्यात धाडलं आसतं. बाराव्या दिवशी गेलं.”

एसटी आली, आम्ही चढलो, त्यांनी दोघींचं तिकीट काढलं.

वर्षाच्या शेवटच्या तासाला त्यांनी सरांना मुलाखतीत म्हटलेली ती गोष्ट विचारली: पोर वाचलं नाही तर ते कशामुळे, हे नक्की सांगता येतं का? सर भले माणूस. वाढीवर अनेक घटकांचा एकत्रित परिणाम होतो, कुठल्याही एकावर बोट ठेवता येत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. ताईंनी ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “मला बोट ठिवायचंच हुतं गं.” पेपर त्यांनी पुन्हा दिलाच नाही. गावी निघून गेल्या.

आता मी बालकांच्या एका प्रकल्पात काम करते. गेल्या महिन्यात एका बाळाच्या पायात वाळे दिसले. राहू द्या मॅडम, त्याचं असं किती वजन असणार, असं आई म्हणाली. मी काढायलाच लावले. बाळ लाल पट्ट्यात गेलं आणि त्याच दुपारी आम्ही त्याला नगरला दाखल केलं. अजून तिथेच आहे, पण दूध प्यायला लागलंय. मी ताईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, “वाळे परत घातलेस ना त्याला?”

घातले, मी म्हटलं.

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “त्या पोराला शेवटी दवाखान्यात न्यायच्या आधी वाळे काढून तोललं, तवा त्याचे मी परत घातले न्हवते. घाईत टेबलावरच ऱ्हायले.”