गुलाबी घोडदळ

आमचे दाजी कवळ्या बनवतात. दुकानामागच्या खोलीत प्लास्टरचे जबडे वाळत असतात आणि त्याच खोलीतल्या लांब टेबलावर आम्ही दोघं गेली कित्येक वर्षं आलार्कोसची लढाई लढतो. मूळ लढाई स्पेनमधली, आठशे वर्षांपूर्वीची. तिथल्या राजाच्या मदतीला मित्रांची सैन्यं निघाली होती, पण राजाने वाट पाहिली नाही. घोडे सोडले, वेढला गेला, होत्याचं नव्हतं झालं. आमचे सैनिक बोटाएवढे आणि फाशांवर चालणारे. राजा दाजींचा, त्याला वेढणारं सैन्य माझं. मी दर वेळी जिंकतो यात माझी हुशारी काही नाही. दाजी पहिल्याच डावाला घोडे सोडतात.

स्वभावच तसा. थांबला तो संपला, हे त्यांचं ब्रीद. ताईचं ताट वाढून होईपर्यंत यांचे हात धुऊन झालेले. साचा निवायच्या आत उघडणार आणि मग साच्यावरच चिडणार. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या घाईला घर कंटाळलं होतं.

भाचा याच टेबलाशी वाढला. मित्रांचं सैन्य त्याच्याकडे असायचं. कवळीच्या हिरड्यांसाठी वापरतात त्या गुलाबी मसाल्यातून त्याने स्वतः घोडेस्वार ओतले होते, रंगवायचे तेवढे राहिले. शिक्षण संपल्यावर दाजींनी त्याला दुकानात बस म्हणून सांगितलं. त्याने विचाराला महिनाभर मागितला. दुसऱ्याच दिवशी दाजींनी त्याच्या खुर्चीत पगारी माणूस बसवला. भाचा बॅग भरून दुसऱ्या गावी निघून गेला आणि बापलेकांचं बोलणं तुटलं.

आमच्या टेबलाचा एक नियम आहे. ज्याचं सैन्य त्यानेच हलवायचं. त्यामुळे ते गुलाबी घोडे वर्षानुवर्षं टेबलाच्या कडेला उभेच. दाजी त्यांच्यावरची धूळ फुंकर मारून उडवायचे, बोट लावायचे नाहीत.

गेल्या रविवारी भाचा येणार होता. ताईनेच फोनवर त्याचं मन वळवलं होतं. सकाळी येतो म्हणाला, पण दुपार झाली तरी पत्ता नाही, फोनही लागेना. रिकामं बसणं दाजींना जमेना, म्हणून आम्ही लढाई मांडली.

पहिल्या डावाला दाजींचा हात घोड्यांवर गेला आणि मागे आला. "पास," ते म्हणाले. मला वाटलं, काहीतरी नवा डावपेच असेल. दुसऱ्या डावालाही पास. तिसऱ्यालाही. माझे तिरंदाज टेकडी चढत होते, त्यांचं पायदळ आडवं होत होतं, आणि दाजींचे डोळे टेबलावर नव्हतेच, दाराकडे होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी हळूच एक चाल मुद्दाम चुकवली.

दाजींनी चष्म्यावरून पाहिलं. "दया नको दाखवूस. नीट लढ."

"दाजी, घोडे सोडा. नाहीतर सगळंच जाईल."

"जाऊ दे," ते म्हणाले. "तेव्हा महिनाभर थांबता आलं नाही मला. आज थांबू दे."

राजापाशी दोन घोडे उरले होते तेव्हा दार वाजलं. भाचा आत आला. कानाजवळ केस पिकले होते. बस वाटेत बंद पडली, असं काहीतरी ताईला सांगत होता, पण नजर टेबलावर गेली आणि तो तिकडेच वळला. वेढा त्याला लगेच कळला.

"उशीर झाला मला," तो म्हणाला. "संपलीच ना?"

"संपली कशी?" दाजी म्हणाले. "तुझी चाल राहिलीय."

भाच्याने बॅग खाली ठेवली. एक गुलाबी घोडा उचलून उलटसुलट पाहिला. "अजून रंगवले नाहीत तुम्ही?"

"तुझे आहेत," दाजी म्हणाले. फासे त्याच्या तळहातावर ठेवले आणि तो हात तसाच धरून राहिले.

फासे पडल्याशिवाय माझी पाळी येणार नव्हती. मी खुर्ची जरा मागे घेतली आणि वाट बघत बसलो.