घड्याळजींची काळी गाजरं

घड्याळजींचं दुकान म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. ती इतकी अरुंद, की एक गिऱ्हाईक आत आलं की आधीच्याला बाहेर पडावं लागे. टेबलावर काच, काचेखाली पांढरा कागद, काचेवर पाठ उघडून ठेवलेली कुणाकुणाची घड्याळं, आणि त्यांच्यावर वाकलेले घड्याळजी, डाव्या डोळ्यात भिंग अडकवून. चाळीस वर्षं हा गृहस्थ एका डोळ्यानं जग बघत आला होता, आणि दोन डोळ्यांनी बघणाऱ्यांबद्दल त्याचं मत फारसं बरं नव्हतं.

दुकानामागं मधली खोली, तिच्यामागं स्वयंपाकघर, आणि त्याच्याही मागं परस. परसात धुण्याचा दगड, एक गळका नळ, कपड्यांची तार आणि खाटेएवढी मोकळी जमीन. साठी उलटेपर्यंत घड्याळजी परसात गेले ते फक्त हात धुवायला.

त्या जमिनीत त्यांना उतरवलं ते आक्कानं. आक्का ही त्यांची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून तिचं घर होतं आणि घरामागं वाफे. पावसाळा सरून ऊन नरम पडायला लागलं की ती काळी गाजरं पेरायची. बाहेरून काळपट जांभळी, आत मधोमध पिवळा ठिपका. चिरली की सुरी जांभळी, ताट जांभळं आणि चिरणारीची बोटं जांभळी. आक्काची बोटं रंगली की गल्लीतली माणसं कपाटातून गरम कपडे काढत. हे गाजर बाजारात मिळत नसे. दर हिवाळ्यात ती चार चांगली गाजरं बियाला राखायची आणि पुढच्या साली तेच बी पेरायची. असं किती वर्षं चाललं होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग तिचे गुडघे गेले, आणि मुलानं तिला आपल्या घरी न्यायचं ठरवलं. मुलाचं घर नवव्या मजल्यावर होतं. जायच्या दिवशी आक्का घड्याळजींच्या दुकानात येऊन स्टुलावर बसली आणि तिनं पदराखालून एक डबी काढली.

"काळ्या गाजराचं बी आहे," ती म्हणाली. "दोन हिवाळे जुनं झालंय. मागच्या साली गुडघ्यांनी नवं बी धरू दिलं नाही. गाजराच्या बियाला फार आयुष्य नसतं. यंदा मातीत गेलं तर गेलं. नाहीतर पुढच्या वर्षी ही डबी खुळखुळा म्हणून वाजवायची."

"मग?"

"मग काय, कंडक्टरकडे निघालेय. त्याच्या हाताला यश आहे. तुझ्या दारावरून जात होते, गुडघा दुखला, म्हणून बसले."

कंडक्टर तीन घरं पलीकडं राहायचा. बसमधून निवृत्त झाल्यापासून तो गच्चीवर भाज्या लावायचा आणि खाली उतरून त्यांच्याबद्दल बोलायचा. त्याच्या मनगटावरचं घड्याळ सहा मिनिटं पुढं असे आणि त्याचं त्याला काहीही वाटत नसे. अशा माणसाच्या हाती आक्काचं बी जाणार, हे घड्याळजींना सोसवलं नाही.

"दे इकडं," ते म्हणाले.

"तुला काय येतंय त्यातलं?"

"सतरा खड्यांचं घड्याळ सुटं करून परत जुळवतो मी. बी पुरायला अशी काय अक्कल लागते?"

आक्कानं आतल्या दाराकडं पाहिलं. तिथं घड्याळजींची बायको उभी होती. आक्कानं डबी टेबलावर ठेवली.

"नीट ऐक. जमीन भुसभुशीत कर. बी रात्रभर भिजव. चिमटीनं टाक. वर माती नखाएवढीच. ओलं गोणपाट अंथर, आणि उगवेपर्यंत विसरून जा. एवढंच."

घड्याळजींनी सगळं पावतीच्या पाठीवर लिहून घेतलं. एकही शब्द त्यांना अवघड गेला नाही, आणि घोटाळा झाला तो तिथंच. आक्काच्या तोंडी चिमटी म्हणजे अंगठा आणि दोन बोटं यांच्यात मावेल तेवढं बी. घड्याळजींच्या धंद्यात चिमटी म्हणजे पोलादाची, टोकदार, मोहरीच्या पाव भागाएवढा स्क्रू उचलायची. चाळीस वर्षांत त्यांना दुसरी चिमटी माहीत नव्हती. घरात मीठ बायको घालत असे.

त्यांनी माती पिठाच्या जुन्या चाळणीनं चाळली. दोऱ्या ताणून ओळी आखल्या. भिजलेलं बी टिपकागदावर सुकवलं, मोजलं. चारशे सोळा भरलं. मग दुकानावर 'दोनपर्यंत बाहेर' अशी पाटी लावून, कपड्यांच्या तारेला काळी छत्री बांधून, तिच्या सावलीत स्टुलावर बसून, डोळ्याला भिंग लावून ते एकेक बी चिमटीनं उचलून एकेका जागी ठेवू लागले.

बायको धुणं घेऊन बाहेर आली.

"अहो, हे काय चाललंय?"

"पेरणी."

"एकेक?"

"आक्कानं सांगितलंय, चिमटीनं टाकायचं."

बायकोनं धुण्यातून ओला टॉवेल उचलला. तिला चिमटी बरोबर कळली होती. पण गेल्याच महिन्यात तिनं भिंतीवरचं घड्याळ 'जरा मागं पडतंय का हो' एवढं विचारलं होतं, आणि त्यावरून दोन दिवस अबोला झाला होता. तिनं टॉवेल झटकला आणि वाळत घातला.

पेरणी तीन दिवस चालली. चौथ्या दिवशी गोणपाट पडलं. आता शेवटचं कलम राहिलं होतं, विसरून जाण्याचं. घड्याळ चालत नसेल तर पाठ उघडून बघायची, हा घड्याळजींचा आयुष्यभराचा शिरस्ता. ते रोज सकाळी अकराला गोणपाट उचलायचे, दहा बिया चिमटीनं वर काढायचे, भिंगाखाली धरून बघायचे आणि परत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पुढच्या दहा. आठव्या दिवशी एका बियाला पांढरा धागा फुटलेला दिसला तेव्हा त्यांनी बायकोला हाक मारली.

"बघ. चालू झालंय."

बायकोनं भिंगातून पाहिलं. "छान आहे. आता ते खाली ठेवा."

त्यांनी ते ठेवलं, मूळ वर करून.

विसाव्या दिवशी वाफ्यात सात रोपं होती. घड्याळजींनी ती तीनदा मोजली. त्याच दुपारी नवव्या मजल्यावरून फोन आला.

"उगवलं का रे?"

"हो."

"कसं आहे?"

ज्या माणसानं चाळीस वर्षांत कुणाला मिनिटभर चुकीची वेळ सांगितली नव्हती, तो म्हणाला, "दाट."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ चिमटी पुसत बसले. बी संपलं होतं. डबीत तळाला नुसता चुरा. सात म्हणजे खूप का थोडी हेही त्यांना कळत नव्हतं, आणि विचारायचं तर एकच माणूस होता आणि त्याला आत्ताच 'दाट' सांगून झालं होतं. कंडक्टरला विचारणं हा मार्गच नव्हता. संध्याकाळी ते बियाण्यांच्या दुकानात गेले, साध्या केशरी गाजराचं पाकीट आणलं, दातानं फोडलं, रिकाम्या ओळींवर मूठ मूठ भिरकावलं, चपलेनं माती लोटली आणि घरात निघून आले. पंधरा दिवस तिकडं फिरकले नाहीत.

ते बी मखमलीसारखं उगवलं. याचा घड्याळजींना फार राग आला.

दोन महिन्यांनी आक्का आली. सांगून आली नाही. मुलाच्या गाडीतून उतरून काठी टेकत ती दुकानातून मधल्या खोलीत, तिथून स्वयंपाकघरात आणि तिथून थेट परसात गेली. मागून घड्याळजी, त्यांच्या मागून बायको. आक्का वाफ्यापाशी थांबली. वाकली नाही.

"सात," ती म्हणाली.

"काय सात?"

"माझी. देठ जांभळे आहेत ती. बाकीची कुणाची?"

"बाजारची."

"दाट आहेत," आक्का म्हणाली.

नळ थेंब थेंब गळत होता. घड्याळजींनी खिशातून चिमटी काढली आणि तळहातावर ठेवून पुढं केली.

"आक्का, मी कसूर केली नाही. चारशे सोळा बिया मोजून टाकल्या. एकेक. तू म्हणालीस तशाच, चिमटीनं."

आक्कानं चिमटीकडं पाहिलं. मग भावजयीकडं पाहिलं.

"तू होतीस ना गं घरात?"

"होते ना, वन्सं. कपडे वाळत घालत होते."

"खुर्ची आण," आक्का म्हणाली. हसायचं तर तिला बसावं लागे; उभ्यानं हसलं की गुडघे धरत. खुर्ची आली, ती बसली, आणि मग इतकी हसली की काठी हातातून सुटून वाफ्यात पडली.

"अरे, इवलंसं बी ते," डोळे पुसत ती म्हणाली. "मातीचा पापुद्रा एकट्याच्यानं फुटत नाही. शेजारी दहा-वीस असली की सगळी मिळून डोकं वर काढतात. तू एकेकाला बंगले बांधून दिलेस."

"सात पुरतील का पण?" घड्याळजींनी विचारलं. दोन महिने त्यांना एवढं एकच विचारायचं होतं.

"ते बघितल्यावर कळेल. उपट."

"उपटू? सातच आहेत आक्का."

"आत काय आहे ते पानावरून दिसतं होय? उपट."

सात गाजरं वर्तमानपत्रावर एका ओळीत मांडली गेली. दोन गाजरांना पाय फुटले होते. ती आक्कानं बाजूला सारली. एक फिकं होतं, तेही गेलं. उरली चार. आक्कानं सुरी मागितली आणि चारांची खालची बाजू खटाखट कापून टाकली. लोकांच्या आजोबांची घड्याळं उघडताना ज्यांचा हात कधी थरथरला नाही त्या घड्याळजींनी तोंड फिरवलं.

"कापून लावली की जोम वर जातो, फुलाकडं," आक्का म्हणाली. "आता ही चार पुर. आणि बाजारची सगळी फुलायच्या आत संपवायची. नाहीतर माश्या तिकडचं इकडं आणतील आणि पुढच्या साली भलतंच निघेल."

"सगळी?"

"दाट आहेत ना?"

पुढचे दीड महिने त्या घरात गाजर खाल्लं गेलं. कच्चं, उकडलेलं, किसलेलं, परत कच्चं. घड्याळ दुरुस्तीला देणाऱ्यांना घड्याळाबरोबर जुडी मिळू लागली. कंडक्टरनं दोन टोपल्या नेल्या आणि गाजरं छान झालीत म्हणाला. घड्याळजींनी ते ऐकून घेतलं.

आक्का मात्र परत गेली नाही. बी हातात येईपर्यंत इथंच, असं तिनं जाहीर केलं. मधल्या खोलीत तिची गादी पडली. दिवसा तिची खुर्ची वाफा आणि स्वयंपाकघराचं दार यांच्या बरोबर मध्ये असे, आणि घड्याळजींना उंबऱ्यापर्यंत परवानगी होती.

"तिथून दिसतंय तेवढं बघ," ती म्हणायची.

भाच्याचे फोन येत. "मामा, आई कधी येणार?"

"गाजर सोडेल तेव्हा, म्हणावं," आक्का आतून सांगायची.

"चार गाजरांना चार महिने," भांडी लावता लावता बायको म्हणाली. "बरं झालं, चारशे उगवली नाहीत."

चारांतलं एक कुजलं. उरलेली तीन पालवली, गुडघ्याएवढी झाली, मग कमरेएवढी, आणि ऊन तापायला लागलं तशी छातीला लागली. शेंड्यांवर पांढरी फुलं आली, उघडलेल्या छत्र्यांसारखी, आणि दिवसभर त्यांच्यावर माश्या गुणगुणत राहिल्या. वारा सुटला की घड्याळजी उंबऱ्यावर येऊन उभे राहत. एके दुपारी वावटळ आली तेव्हा ते उंबरा ओलांडून धावले आणि तिन्ही झाडं कवेत धरून वावटळ जाईपर्यंत उभे राहिले. आक्कानं खुर्ची जरा बाजूला ओढून घेतली.

हळूहळू फुलं आत मिटत गेली, तपकिरी झाली, पाखराच्या घरट्यासारखी वळली. आक्कानं ती कापली, चार दिवस सावलीत वाळवली, तळव्यावर चोळली आणि कागदावर घेऊन फुंकरीनं भुसा उडवला. उरलेलं बी तिनं पाकिटांत भरलं.

पहिलं पाकीट भावजयीला दिलं. "तू पेर. तुला काही सांगायला नको."

"बरं, वन्सं."

"हे दुसरं कंडक्टरला नेऊन द्या. सगळं एकाच घरात ठेवायचं नाही. एकीकडचं गेलं तर दुसरीकडचं राहतं." तिसरं तिनं स्वतःच्या पिशवीत टाकलं. नवव्या मजल्याच्या बाल्कनीत बादली ठेवायला मुलाची काही हरकत नव्हती, किंवा त्याला अजून विचारलं नव्हतं.

चौथं पाकीट हातात धरून ती भावाकडं वळली.

"हे तुझं. हे पेरायचं नाही."

"मग?"

"तिघांचंही फसलं तर हे. वर्षभर कोरडं राहिलं पाहिजे. ओल नको, धूळ नको, उंदीर नको, आणि कुणी कितीही गोड बोललं तरी द्यायचं नाही. हे तुझ्याइतकं कुणाला जमणार नाही. मला आधीच कळायला हवं होतं."

घड्याळजींनी शर्टाला हात पुसला आणि पाकीट घेतलं. दुकानात जाऊन त्यांनी टेबलाचा सगळ्यात खालचा कप्पा उघडला. नव्या स्प्रिंगा त्यात असायच्या, पत्र्याच्या डब्यांत, आणि तिथं कधी ओल शिरली नव्हती. डब्या त्यांनी वरच्या कप्प्यात हलवल्या. पाकिटावर सालासकट तारीख लिहिली, ते ठेवलं आणि कुलूप लावलं.

बाहेर भाचा हॉर्न वाजवत होता. कप्पा खरंच घट्ट बसलाय का, हे आक्कानं दोनदा ओढून बघितलं, आणि मगच ती गाडीत जाऊन बसली.