दांडीवरचा दुपट्टा

वीज खात्यात वायरमन म्हणून लागलो ते सत्तरचं दशक. माझी नोकरी अजून कच्ची होती. आमच्या साहेबांना कामापेक्षा कपडे आधी दिसत. भर उन्हाळ्यात टेरिकॉटची पँट, आत खोचलेला शर्ट, काळे बूट. हातमोजे फाटलेले चालत, बूट मळलेले चालत नसत. वरून कीर्तन, आतून तमाशा.

आमचे म्हातारे लाइनमन, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, खांद्यावर पांढरा दुपट्टा टाकत. खांबावर चढण्यापूर्वी ते डीपीची, म्हणजे गावच्या वीजपेटीची, दांडी खाली ओढून लाइन बंद करत आणि दुपट्टा दांडीला बांधत. दुपट्टा दिसला म्हणजे वर माणूस आहे. तो सोडायचा मामांनीच, खाली उतरल्यावर. दुसऱ्या कोणाची हात लावायची छाती नव्हती.

एकदा केनवडला वरचे साहेब यायचे होते. आमच्या साहेबांनी सकाळीच फर्मान काढलं, खांद्यावर फडकं दिसता कामा नये. मामांनी दुपट्टा घरी ठेवला.

"मी येऊन सांगीन तवाच लाव," लाइन बंद केल्यावर एवढं मला बजावून मामा वळणापलीकडच्या खांबाकडे गेले. डीपीपासून तो खांब दिसत नव्हता.

अर्ध्या तासात साहेबांची जीप आली.

"गावात लाइन का नाही? वरचे साहेब पोचतीलच आता. लाव."

"मामा वर आहेत, साहेब."

"केव्हाच उतरला असेल. नोकरी करायची आहे ना?"

वळणापर्यंत वीस पावलं होती. पण वीस पावलं चालायची परवानगी मागायचीही मला भीती वाटली. मी दांडी वर ढकलली.

गावातली पिठाची गिरणी घरघरायला लागली. मी किंकाळीची वाट पाहत उभा राहिलो.

वळणावरून मामा चालत आले. त्यांची पक्कड खाली पडली होती, म्हणून ते उतरले होते.

"लाइन लावली तू? वयनापर्यंत येऊन पाह्यलं होतं ना मले?"

साहेब रुमालाने बूट पुसत होते.

"हो, मामा," मी म्हणालो.

"तसंच वाटलं मले."

वरच्या साहेबांची फेरी आटोपून साहेब गेल्यावर मी पुन्हा लाइन बंद केली, कारण काम अर्धवट राहिलं होतं. मी म्हणालो, "मामा, माझा शर्ट बांधू का दांडीला?"

"कायले? तू उभा हायेस ना. तू असला म्हंजे मले भेव नाई लागत."

ते मागे न पाहता वळणाआड गेले. मी दोन्ही हातांनी दांडी खाली दाबून धरली. ती आपोआप वर जात नाही, हे मला ठाऊक होतं. मला भीती माझ्याच हातांची वाटत होती.