एकही ओरखडा नसलेला पास

देवाने हे जग घाईघाईत, तपासणी न करताच बाजारात आणलं आणि चूक लक्षात आल्यावर मागाहून माझ्या थोरल्या साडूंना खाली पाठवलं, याबद्दल माझी आता पक्की खात्री झाली आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. चाकणजवळच्या खेड्यातलं शेतकरी घर, पण दाजींनी सगळी हयात काढली ती गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, क्वालिटी खात्यात. बाहेरून आलेला माल तपासायचा आणि खोट सापडली की लाल पट्टी लावून परत धाडायचा, हे त्यांचं काम. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. कंपनी सुटली आणि आम्ही नातेवाईक सापडलो.

मंगल कार्यालयात गेले की दाजी आधी खुर्ची उलटी करून तिचे पाय बघतात आणि मगच बसतात. चाकणच्या बाजारातून कांदा आणायचा तर पिशवीतला एकेक कांदा अंगठ्याने दाबून बघतात, आणि व्यापारी वैतागून "काका, तुम्ही दुसरीकडं बघा ना राव," म्हणाला की त्यालाच कांदा कसा दाबावा हे शिकवतात. चऱ्होलीत आम्ही नवा फ्लॅट घेतला, त्याच्या वास्तुशांतीला दाजी खिशात काचेची गोटी घेऊन आले होते. होम चालू असताना त्यांनी ती हॉलच्या मधोमध ठेवली. गोटी क्षणभर थांबली आणि मग शांतपणे गडगडत देवघराखाली गेली. "पाव्हणं, फ्लोअर रिजेक्ट," दाजींनी भर पाहुण्यांत जाहीर केलं. गुरुजी मंत्र म्हणायचे थांबले. आजही आमच्या घरात काही खाली पडलं की ते देवघराखालीच सापडतं, आणि त्याचा राग मला बिल्डरपेक्षा दाजींचा जास्त येतो. चांगले नांदलो असतो की आम्ही त्या उतारावर!

त्यातही कागद हा दाजींचा जन्माचा वैरी. कागद फाटतो, भिजतो, पिवळा पडतो, त्याला वाळवी लागते. असला माल कुणी पास केला हेच त्यांना कळत नाही. म्हणून निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी पहिली खरेदी केली ती लॅमिनेशनच्या मशिनची. तेव्हापासून त्या घरात उघडा कागद म्हणून राहिलेला नाही. विजेची बिलं, आरत्यांची पानं, माझ्या लग्नाची पत्रिका, ताईंच्या आईने पेन्सिलीने लिहून दिलेलं गोड्या मसाल्याचं प्रमाण, सगळं प्लास्टिकच्या कातडीत गेलं. डॉक्टरांनी दिलेली औषधांची चिठ्ठीही गेली. पुढच्या खेपेला डॉक्टर औषध बदलून लिहायला गेले, तर शाई घसरून त्यांच्या पांढऱ्या बाहीला लागली. त्यावर दाजींनी त्यांना पेनची प्रत कशी ओळखावी हे सांगितलं. ताईंनी या सगळ्यावर कधी आवाज चढवला नाही. त्या मुळातच कमी बोलणाऱ्या. फार झालं तर पदर तोंडाला लावून हसतात आणि मशिन जिथे असेल तिथून पोळीचा डबा लांब ठेवतात.

तर मागच्या वर्षीची गोष्ट. कंपनीच्या निवृत्तांच्या मंडळाने सभासदांना वॉटर पार्कचे पास वाटले. दाजींना चार मिळाले, म्हणजे ते दोघे आणि आम्ही दोघे. पार्क आहे देहूरोड सोडून घाटाकडे निघालं की हमरस्त्याला लागून. नाव सांगत नाही, कारण दाजींचा त्यांच्याशी पत्रव्यवहार अजून चालू आहे. आम्हा तिघांना त्या पार्कचं काडीचं अप्रूप नव्हतं. होतं ते ताईंना. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं. एकदा भाजी निवडताना त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "तिथं म्हणे समुद्रासारख्या लाटा येतात. एकदा त्या पाण्यात उभं राहायचंय गं मला, हे गुडघे माझे आहेत तोवर." बायकोने हे मला रडत सांगितलं आणि वर बजावलं की या रविवारी जग इकडचं तिकडे झालं तरी आपण जायचं.

जग जागेवरच राहिलं; मध्ये आले ते दाजी. पास कागदाचे निघाले. कागद म्हणजे तरी कसला, किराणा दुकानात बिल देतात तसला पातळ, गुळगुळीत, वळकटी होणारा. दाजी तडक मंडळाच्या कचेरीत गेले. "ह्यो पास हाय व्हय? आत पाणी, बाहेर पाणी, मानसं पान्यात, आन पास कागदाचा? कुठल्या शहाण्यानं लढवलं ह्ये डोकं?" तिथल्या गृहस्थांनी सांगितलं की पार्कवाल्यांनी पर्यावरणासाठी प्लास्टिक बंद केलंय. यावर दाजींनी पाकिटातून त्यांचं ब्रह्मास्त्र काढलं. त्याच पार्कचा, बारा वर्षांपूर्वी कंपनीने दिलेला, प्लास्टिकचा वार्षिक पास. वर ताईंचं नाव. "बारा वर्सं झाली. एक ओरखडा दाखवा. कोपरा दुमडलेला दाखवा. अक्षर पुसलेलं दाखवा!"

हा पास त्या आठवड्यात मी निदान दहा वेळा पाहिला. दाजींनी तो सोसायटीच्या वॉचमनला दाखवला, दूधवाल्याला दाखवला, एका साखरपुड्यात जिलबी वाढणाऱ्या आचाऱ्याला दाखवला. रागाच्या भरात मीही त्यांच्या बाजूने झालो, हे इथे कबूल करतो. कारण खरंच, ज्या पार्कात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत माणूस प्लास्टिकच्या घसरगुंडीवरून प्लास्टिकच्या टायरवर बसून प्लास्टिकच्या ग्लासातलं सरबत पितो, तिथे पर्यावरणाचा सगळा भार त्या बोटभर पासानेच का उचलायचा? आणि त्या पासाच्या मागे बारीक अक्षरांत सूचना होत्या: घडी घालू नये, भिजवू नये, ऊन व उष्णता यांपासून जपावे. दाजींनी त्या मला फोनवर मोठ्याने वाचून दाखवल्या. "पास हाय का पापड?" ते ओरडले.

मग चाचण्या झाल्या. एका पासाचा कोपरा त्यांनी वाटीतल्या पाण्यात बुडवला आणि घड्याळ लावून बसले. दुसऱ्याचा कोपरा दुमडून उलगडून पाहिला. तिसरा शर्टाच्या खिशात ठेवून जिना चढले-उतरले, घामाचा परिणाम बघायला. चौथ्याला हात लावला नाही, कारण तुलनेसाठी एक नग कोरा ठेवावा लागतो. सगळ्याचं निरीक्षण वहीत लिहून झाल्यावर शनिवारी दुपारी त्यांनी निकाल दिला: माल कच्चा, पण सुधारण्यासारखा. आणि मशिन तापत ठेवलं.

आता दाजींचा एक नियम सांगितला पाहिजे, कारण तो त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलाय की मी शिकवतो त्या शाळेतल्या पोरांनाही तो पाठ झालाय. कुठलंही काम असो, आधी एक पीस काढायचा. तो नीट तपासायचा. तो बरोबर निघाला तरच बाकीचा लॉट चालवायचा. ताईंनी चकलीचा घाणा घातला तरी पहिली चकली दाजींच्या हातात गेल्याशिवाय दुसरी कढईत पडत नाही. असा हा माणूस. पण त्या शनिवारी काय झालं कोण जाणे. ताई आतल्या खोलीत उद्याची पिशवी भरत होत्या, टॉवेल कुठला घेऊ म्हणून दोनदा विचारून गेल्या होत्या. दाजींनी चारही पास लॅमिनेशनच्या एकाच मोठ्या पाकिटात शेजारी शेजारी मांडले आणि एकदमच मशिनमध्ये सारले.

पांढरे आत गेले ते काळे बाहेर आले. करपट वगैरे नव्हे, चांगले काळेकुळकुळीत, तव्याच्या बुडासारखे. त्या जातीच्या कागदावर शाई नसतेच म्हणे, उष्णतेनेच अक्षर उमटतं, आणि सगळीकडून उष्णता लागली की सगळा कागद म्हणजे एकच अक्षर होतो. पण चारही पास आता पाण्याने भिजणार नव्हते, दुमडणार नव्हते, घामाने विरघळणार नव्हते. त्या बाबतीत काम चोख झालं होतं.

दुसरा कुणी असता तर त्याने कपाळाला हात लावला असता. दाजींनी मला फोन केला आणि म्हणाले, "पाव्हणं, सापडलं! माल मुळातच डिफेक्टिव्ह हाय. उद्या गेटवर पुरावा दावतो." मी म्हटलं, "दाजी, मुकाट्याने तिकिटं काढू." तर म्हणाले, "तिकीट? चूक त्यांची आन तिकीट आपलं? न्हाई!" मी फोन ठेवला. मला पार्कचा राग आला, कागदाचा आला, कागद शोधून काढणाऱ्याचा आला, आणि या सर्वांना पुरून उरेल इतका दाजींचा आला. त्या बाईंनी फक्त लाटांत उभं राहायचं म्हटलं होतं!

रविवारी आम्ही चौघे माझ्या गाडीतून गेलो. गेटवर निळा शर्ट घातलेल्या, पन्नाशीच्या एक बाई पास तपासत होत्या, बोलण्यावरून मावळातल्याच. दाजींनी त्यांच्यापुढे तो काळा चौकोन धरला. बाईंनी पास वाचायचं मशिन वर धरून बघितलं, खाली धरून बघितलं. "काका, ह्यो पास न्हाई, ह्यो काळा पत्रा झालाय. मिशीन काय वाचणार ह्याच्यात?"

"त्येच म्हनतोय मी!" दाजींचा आवाज लागला. "असला माल देताच कशाला? गरम लागलं की काळा, पानी लागलं की लगदा!"

"मग गरम लावायचं कशाला? मागं लिवलंय की."

"लिवलंय म्हंजी? मानसानं पास घ्यावा का त्याला सावलीत निजवावा?"

आमच्या मागे रांग वाढत चालली. रबरी टायर गळ्यात घातलेली माणसं माना उंचावून बघू लागली. बाई शांतपणे म्हणत होत्या की खिडकीवर नवीन तिकीट मिळतं, आणि दाजी म्हणत होते की प्रश्न तिकिटाचा नाही, तत्त्वाचा आहे. ताई जरा बाजूला, लोखंडी कठड्याचा आधार घेऊन उभ्या होत्या. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होत्या. आतून लाटा सुटण्याचा भोंगा वाजला आणि शेकडो माणसांचा एकदम आरडाओरडा ऐकू आला. ताईंनी तिकडे मान वळवली.

आणि दाजींनी पाकिटातून ब्रह्मास्त्र काढलं. "ह्यो बघा तुमचाच पास! बारा वर्सं झाली! एक ओरखडा दाखवा, न्हाईतर मला आत सोडा!"

"वापरलाच नाही, तर ओरखडा कुठून पडेल?"

हे ताई बोलल्या. मोठ्याने नाही, कठड्याला धरून, आपल्याशीच बोलावं तशा. पण रांगेतल्या पहिल्या चार माणसांना ऐकू गेलं, बाईंना गेलं, आणि दाजींना गेलं. "त्या वर्षी दर रविवारी तुमचं ऑडिट नाहीतर ओव्हरटाइम," ताई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी म्हणता म्हणता वर्ष संपलं. तेव्हा मला जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढता येत होता हो." त्यात तक्रार नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसा हिशेबशीर आवाज होता, आणि म्हणूनच मला तो सोसवला नाही.

दाजींनी तो पास उलटा करून पाहिला. पुन्हा सुलटा करून पाहिला. इतकी वर्षं ज्या वस्तूचा ते दाखला देत होते, तीत त्यांना पहिल्यांदाच खोट दिसत होती. मग तो त्यांनी खिशात घातला, काळा चौकोन शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि खिडकीकडे गेले. चार तिकिटं घेऊन आले. कसली आहेत हे बघितलंही नाही. गेटवरच्या बाईंनी आमच्या मनगटांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या. ताईंची पट्टी लावताना त्या म्हणाल्या, "ताई, घसरगुंडीवर नका जाऊ, गुडघ्यावाल्यांना न्हाई सोडत. लाटांत खुशाल जावा."

ताई लाटांत गेल्या. फार आत नाही, घोट्याच्या वर पाणी येईल इतपत. पण लाट आली की त्यांचा तोल जायचा आणि त्या दाजींचा दंड धरायच्या. दाजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, छत्रीसारखे ताठ उभे होते. पाण्यात क्लोरिन किती, फरशी घसरते का, याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. पहिली लाट आली, दुसरी आली, ताई पदर तोंडाला लावायचं विसरून खळखळून हसल्या. बायकोने मला फोटो काढायला सांगितलं. माझे हात ओले होते म्हणून फोटो काही नीट आला नाही.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. ताई आता काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात, डॉक्टर खूश आहेत. पण ओल्या फरशीवर पाय टाकायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे, म्हणजे लाटा त्या एका रविवारच्याच. मी मध्यंतरी भेटायला गेलो तेव्हा दाजी नव्या काठीचं रबर नखाने तपासत बसले होते आणि कारखानदाराला यथेच्छ नावं ठेवत होते. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली मला एक कागदी पट्टी दिसली. ताईंच्या मनगटावरची. भिजून फुगलेली, शाई पसरलेली, एका बाजूने फाटलेली. मला राहवलं नाही. म्हटलं, "दाजी, हिला लॅमिनेट नाही केलंत? अशाने विरून जाईल की."

त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि ती काच बाहीने पुसली. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पाव्हणं. वापरलेली हाय ती."