अकरा सह्यांचं घर

माझे वडील सांगलीकडचे तलाठी. त्यामुळे जमीनजुमल्याचा कायदा आपल्या रक्तातच आहे, अशी माझी पक्की समजूत होती. नोकरीसाठी म्हैसूरला आले, आठ वर्षांत भाड्याची पाच घरं बदलली, आणि मी भिंतीत खिळा ठोकला म्हणून पाचव्या घरमालकानं जे ऐकवलं, त्यानंतर ठरवलं की आता मरेपर्यंत दुसऱ्याच्या भिंतीला हात लावायचा नाही. लष्कर मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीत एक दुमजली घर विकायला होतं. पाहताक्षणी आवडलं. मी मालकांना ऐटीत म्हटलं, "काका, आधी सातबारा दाखवा."

काका हसतच सुटले. पिढ्यानपिढ्या इथेच राहिलेल्या मराठी रंगाऱ्यांचं ते घराणं. गच्चीवर कापड वाळत घालायच्या तारा अजून तशाच होत्या. "सातबारा तुमच्याकडं, ताई. इथं घराला खाता असतोय. सुम्ने कशाला डोस्कं तापवून घेताय? उद्या सही मारतो की." उगीच म्हणायच्या जागी त्यांचं ते सुम्ने ऐकून मी विरघळलेच. साठेखतही करून टाकलं. मग मात्र तलाठ्याची मुलगी जागी झाली आणि सगळे कागद घेऊन वकीलबाईंकडे गेली. अक्कल अशी मागाहून येते.

वकीलबाईंनी काकांना बोलावून घेतलं. घर काकांच्या वडिलांचं, मृत्युपत्र नाही. वारस किती?

"आम्ही चौघं भाऊ. त्यातले दोघं गेले."

"बहिणी?"

"दोघी हायत. पण त्यांची लग्नं झालीत, अल्वा? न्हाई काय?"

"लग्नानं हिस्सा जात नाही," वकीलबाई म्हणाल्या आणि वंशवृक्षाचा दाखला मागवला. तो आला आणि माझे डोळे पांढरे झाले. दोन भाऊ, दोन बहिणी, गेलेल्या भावांच्या बायका आणि मुलं धरून अकरा सह्या. एक जरी राहिली तर उद्या ती व्यक्ती दारात उभी राहून म्हणू शकते, हा जिना माझा.

दहाजण कबूल झाले. अकरावी धाकटी बहीण, सगळ्यांची अक्का, एच. डी. कोट्याला राहणारी. ती अकरा वर्षांत माहेरी आलेली नव्हती आणि तिला आणायला जायची काकांची छाती होईना. मग काय, रविवारी मीच बस पकडली. डोक्यात एकच किडा होता: ही नाही म्हणाली की घर गेलं.

अक्का दारातच म्हणाल्या, "कागद आणलायस काय?" मी म्हटलं, आणलाय. "वाच."

कन्नड मला वाचता येतं, पण पहिलीतल्या पोरासारखं. एकेका अक्षराला बोट लावत मी खरेदीखताचा तो अख्खा मसुदा वाचला. कुठे अडले की त्या सुधारत, कुठे फारच अडले की त्यांचे यजमान खुर्चीत तोंड फिरवून हसत. तासभर चाललं ते. संपल्यावर अक्का शांतपणे म्हणाल्या, "आई गेली तिच्या बाराव्याला अण्णानं, तुला घर विकतोय त्यानंच, माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. सही कर म्हणाला. काय लिहिणार विचारलं तर म्हणाला, तुला काय करायचंय? तेव्हापासून गेले नाही मी." मग चहा आला. "येते मी. पण त्याच्याशी बोलणार नाही."

नोंदणीच्या दिवशी सकाळी अकराच्या अकराजण हजर, वर नवरे, सुना, एक तान्हं बाळ. मी हवेत तरंगत होते. आणि सर्व्हर बंद पडला.

एक तास गेला, दोन गेले. माझ्या ऑफिसमधले दोन मित्र साक्षीदार म्हणून आले होते, ते मीटिंग आहे म्हणत सटकले. सोसलेहून आलेल्या थोरल्या बहिणीनं चित्रान्नाचा डबा उघडला. काकांनी एक घास पानावर काढला आणि अक्कांपुढे सरकवला. अक्कांनी आधी भाताकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि म्हणाल्या, "शेंगदाणे तेवढे स्वतःकडं ठेवलेस." झालं. काका रडायला लागले, अक्का हसायला लागल्या, थोरली दोन्ही करायला लागली. पुतणे एकमेकांचे फोन नंबर घेऊ लागले. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर. माझ्याही डोळ्यांना धार लागली.

तेवढ्यात थोरली म्हणाली, "असं सगळे जमतोय तर घर विकायचं कशाला?"

पुतणे माना डोलवू लागले. वर गिलावा करून घेऊ, खाली भाडेकरू ठेवू. बाई गं, अकरा माणसं गोळा कुणी केली? मी. आपल्याच पायावर धोंडा म्हणतात तो हाच. वकीलबाई कानाशी लागल्या, "काकांच्या सहीचं साठेखत आहे, कोर्टात जाता येईल. पण फक्त त्यांच्या हिश्श्यापुरतं, आणि निकालापर्यंत तुमचे केस पिकतील." मला रागही येत होता आणि यांचं चुकतंय असं तोंड वर करून म्हणवतही नव्हतं. भिंत यांची, खिळाही यांचाच.

"घर होतंच की अकरा वर्षं," अक्का म्हणाल्या. "जमलो काय एकदा तरी?"

थोरली डब्याचं झाकण लावू लागली.

"ही पोरगी बसनं आली. कागद वाचून दाखवला, चुकत चुकत, पण सगळा. माझी सही तिलाच." मग माझ्याकडे वळून, "दसऱ्याला गच्चीवर बसू देशील ना आम्हाला?"

"देईन," मी म्हटलं. कायद्यात याला काडीची किंमत नाही, असं वकीलबाई पुटपुटल्या. तरी मी दोनदा म्हटलं.

सर्व्हर आला. अकरा अंगठे, अकरा फोटो, अकरा सह्या. आता घोडं गंगेत न्हालं म्हणेपर्यंत कारकुनानं विचारलं, "घेणाऱ्यांचे साक्षीदार कुठे?"

आठ वर्षं या गावात राहून मला ओळखणारे दोनच, आणि ते मीटिंगमध्ये. हिस्सेदारांना साक्षीदार होता येईना. ते तर सगळे विकणारे. तेव्हा थोरलीनं आपल्या यजमानांना कोपरानं ढोसलं आणि अक्कांनी आपल्या. जावयांना हिस्सा नसतो. दोघं उठून पुढे आले.

कारकुनानं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "यांना ओळखता?"

अक्कांचे यजमान पेन उघडत म्हणाले, "माझ्या बायकोला माहेरी आणणारी एवढीच एक बाई मला माहीत आहे. कुठं करू सही?"