फुटलेला नमुना

विहिरीचं पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरीचा उग्र वास आला की माझी उजवी भुवई ठणकायला लागते. दुष्काळाच्या साली मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नुकताच लागलो होतो, आणि लोहाऱ्याजवळच्या एका गावात हगवणीची साथ आली म्हणून विहिरीच्या पाण्याचा नमुना घ्यायला गेलो होतो. विहीर वरच्या आळीची, मी शेजारच्याच गावच्या बौद्धवाड्यातला, तिथल्या लोकांच्या तोंडओळखीचा. निर्जंतुक बाटलीच्या तोंडाला किंवा पाण्याला बोटही लागू द्यायचं नाही हा आमच्या कामाचाच नियम, म्हणून मी दोरीनं बाटली सोडली आणि तळाचं गढूळ पाणी भरून वर ओढली. तेवढ्यात पाणी भरायला आलेला एक गडी ओरडला, "कुणाला इचारून शिवलास रं इहिरीला?" "हात लावला न्हाय, दोरी हाय," असं मी म्हणेपर्यंत त्यानं लोखंडी पोहरा माझ्या उजव्या भुवईवर हाणला, पडल्यावर बरगडीत लाथा घातल्या आणि बाटली काठाच्या दगडावर आपटून फोडली. रक्त विहिरीत ठिबकू नये म्हणून तेवढ्यातही मी तोंड फिरवलं. जवळ दुसरी बाटली नव्हती. अहवालात मी 'नमुना मिळाला नाही' असं लिहिलं. चौथ्या दिवशी तोच गडी मान टाकलेल्या लेकीला खांद्यावर घेऊन आमच्या प्रयोगशाळेशेजारच्या दवाखान्यात आला, आणि पट्टी बदलायला आलेल्या मला बघून तिथंच खाली बसला. "साहेब, पाण्यात काय होतं वो?" मी म्हणालो, "बाटली तर तुमीच फोडली की." संध्याकाळी पोरगी गेली. माझी खोक टाके घालून भरली. मी त्या बापाला हाणलेली कशानं भरली असेल?